मार्चचा डेटा जूनमध्ये मागितला तर: प्रॉक्समॉक्सवर जुने बॅकअप किती ठेवावेत, कसे काढावेत

प्रश्न विचारणाऱ्यांची परिस्थिती आधी सगळ्यांसाठी मांडतो. कंपनीत प्रॉक्समॉक्सवर, म्हणजे एका मशीनवर अनेक सर्व्हर चालवणाऱ्या सॉफ्टवेअरवर, १४ व्हर्च्युअल सर्व्हर (व्हीएम) आहेत. बॅकअप दर चार तासांनी प्रॉक्समॉक्स बॅकअप सर्व्हरवर जातो. रिटेन्शन, म्हणजे जुने बॅकअप किती ठेवायचे तो नियम, ‘कीप-लास्ट ३०’. ऑडिट सुरू झाल्यावर जूनमध्ये अकाउंट्सच्या लक्षात आलं की टॅलीतली मार्चची काही व्हाउचर गायब आहेत, काहींच्या रकमा बदलल्यात. बॅकअपची यादी उघडली तर सगळ्यात जुना बॅकअप पाच दिवसांपूर्वीचा. नशिबाने, जुनं बॅकअप मशीन बदललं तेव्हा ते भंगारात न देता कपाटात ठेवलं होतं आणि त्यावर १८ एप्रिलचा बॅकअप सापडला. आता त्यांनी तीन गोष्टी विचारल्या आहेत. हा बॅकअप चालू सर्व्हरवर रिस्टोअर करू का? नवीन डेटास्टोअर (बॅकअप साठवायची जागा) ९२ टक्के भरलंय, काही बॅकअप उडवले तरी जागा का सुटत नाही? आणि ३० चं ९० करू का?

पहिल्याचं उत्तर ‘अजिबात नाही’. तिसऱ्याचं ‘त्याने काही होणार नाही’. दुसरं जरा समजून घ्यावं लागेल.

आधी आकड्याचं पाहू. ‘कीप-लास्ट ३०’ वाचून बहुतेकांना तीस दिवस वाटतात. प्रत्यक्षात ते शेवटचे ३० बॅकअप असतात. दर चार तासांनी म्हणजे दिवसाला ६, म्हणजे तुमच्याकडे पाच दिवस होते. ९० केलेत तर पंधरा होतील. शिवाय कुणी अपडेट टाकण्याआधी हाताने दोन बॅकअप घेतले की तेवढेच दोन जुने मागून ढकलले जातात. मार्चचा घोळ जूनमध्ये कळतो तिथे पंधरा दिवसही निरुपयोगीच.

म्हणून रिटेन्शन ठरवताना मी ‘किती बॅकअप ठेवायचे’ यापासून सुरुवात करत नाही. आधी विचारतो, बिघाड झाल्याचं तुमच्या लोकांना किती उशिरा कळतं? डिस्क मेली तर मिनिटात कळतं. वेबसाइट बिघडली तर त्याच दिवशी फोन येतात. फाइल सर्व्हरवरचा टेंडरचा फोल्डर कुणी चुकून पुसला तर पुढच्या वर्षी तेच टेंडर निघेपर्यंत कुणाला पत्ता नसतो. आणि हिशेबातली चूक कळते ती ऑडिटरला. हा उशीर सर्व्हरगणिक वेगळा असतो, आणि रिटेन्शन त्याच्याहून लांब असावं लागतं. बाकी सगळं जागेचं आणि पैशाचं गणित आहे.

आता १८ एप्रिलच्या बॅकअपकडे येऊ, कारण ते तातडीचं.

काही करण्याआधी त्या जुन्या मशीनवर जाऊन तो बॅकअप ‘प्रोटेक्टेड’ करा. ढालीसारखं चिन्ह असतं, त्यावर एक क्लिक. त्यानंतर प्रून, म्हणजे नियमाबाहेरचे जुने बॅकअप काढणारं काम, त्याला हात लावत नाही. मशीन महिनोन्‌महिने बंद होतं, चालू केल्या केल्या त्यावरचे जुने ठरलेले प्रून आणि गार्बेज कलेक्शनचे (नको असलेला डेटा डिस्कवरून काढण्याचे) जॉब जागे होऊ शकतात. ते जॉबही तूर्त बंद करा. मग त्या बॅकअपवर व्हेरिफाय चालवा. व्हेरिफायमध्ये प्रत्येक तुकडा वाचून त्याची एसएचए-२५६ बेरीज (मजकुराचा ठसा) ताडली जाते. कपाटात पडून राहिलेल्या हार्ड डिस्कवर माझा विश्वास कमी असतो आणि रिस्टोअर अर्ध्यावर थांबण्यापेक्षा हे आधीच कळलेलं बरं.

ते मशीन प्रॉक्समॉक्सला स्टोरेज म्हणून जोडताना यादी रिकामी दिसू शकते. घाबरू नका. बॅकअपच्या प्रत्येक गटाला एक मालक असतो आणि तुम्ही दुसऱ्या वापरकर्त्याने किंवा टोकनने (सॉफ्टवेअरसाठीच्या प्रवेशपत्राने) आत गेलात तर बॅकअप असूनही दिसत नाही. वाचण्यापुरता ‘डेटास्टोअर-रीडर’ हक्क द्या, यादी येईल. बॅकअप एन्क्रिप्ट केलेला असेल तर मात्र त्या वेळची किल्ली लागणार. नवी किल्ली चालत नाही आणि किल्ली हरवली असेल तर दुसरा कुठलाच मार्ग नाही. ही किल्ली कागदावर छापून ठेवायची सोय प्रॉक्समॉक्सने दिलेली आहे. ती लोकांना हास्यास्पद वाटते, मी मात्र प्रत्येक ठिकाणी छापून मालकाच्या तिजोरीत ठेवायला लावतो.

तुम्हाला अख्खा सर्व्हर हवाय का, हेही पाहा. तुम्हाला हवाय टॅलीच्या एका कंपनीचा डेटा, म्हणजे एक फोल्डर. बॅकअप निवडून ‘फाइल रिस्टोअर’ दाबलंत की प्रॉक्समॉक्स मागे एक छोटासा तात्पुरता व्हीएम उभा करतो, त्यात बॅकअपमधली डिस्क फक्त वाचण्यापुरती जोडतो आणि तुम्हाला विंडोजचे फोल्डर दिसू लागतात. आकड्याच्या नावाचा तो कंपनी फोल्डर डाउनलोड करा आणि चालू डेटाच्या जागी न टाकता वेगळ्या संगणकावर, वेगळ्या वाटेवर ठेवून उघडा. उघडण्याआधी त्याची आणखी एक प्रत काढा, कारण टॅलीची आवृत्ती मधल्या काळात बदलली असेल तर ती डेटा स्थलांतरित करायला सांगते आणि मूळ रूप हातून जातं. डिस्कवर बिटलॉकर (विंडोजचं डिस्क-कुलूप) असेल तर फाइल रिस्टोअर चालणार नाही, मग पूर्ण रिस्टोअरला पर्याय नाही.

एक प्रश्न अकाउंट्सला आधी विचारून घ्या: व्हाउचर बदलली कधी? १८ एप्रिलच्या आधीच बदलली असतील तर हा सगळा खटाटोप फुकट. कंपन्यांना १ एप्रिल २०२३ पासून हिशेबाच्या सॉफ्टवेअरमध्ये बदलांचा माग ठेवणं बंधनकारक आहे. तेव्हा टॅलीत एडिट लॉग चालू असायलाच हवा. तो उघडला तर कोणतं व्हाउचर कुणी, कधी बदललं हे तिथेच दिसेल. काही वेळा बॅकअपची गरजच उरत नाही.

पूर्ण रिस्टोअर करावा लागला तर तो चालू सर्व्हरवर करू नका, कारण त्याने १८ एप्रिलनंतरचं सगळं काम पुसलं जाईल. मार्चची दहा व्हाउचर परत मिळवायला दोन महिन्यांच्या नोंदी घालवायच्या, असा हा सौदा आहे. आणि हे नकळत होणं सोपं आहे. चालू व्हीएमच्या स्वतःच्या ‘बॅकअप’ पानावरून रिस्टोअर दाबलंत तर तो त्याच व्हीएमवर चढतो. स्टोरेजच्या यादीतून तोच बॅकअप निवडलात तर प्रॉक्समॉक्स नवा व्हीएम क्रमांक विचारतो. नेहमी दुसऱ्या वाटेने जा. माझ्याकडे अशा तात्पुरत्या व्हीएमसाठी ९००० च्या पुढचे क्रमांक राखून ठेवलेले असतात, म्हणजे यादीत पाहताक्षणी कळतं की हा पाहुणा आहे.

त्याच खिडकीत ‘युनिक’ वर खूण करा, म्हणजे नेटवर्क कार्डाला नवा मॅक पत्ता मिळतो. ‘रिस्टोअर झाल्यावर सुरू करा’ ही खूण काढा. ‘लाइव्ह रिस्टोअर’ मोहक दिसतो, कारण सर्व्हर डेटा पूर्ण उतरायच्या आत चालू होतो. पण मध्ये काही अडलं तर तोवर त्यात लिहिलेलं सगळं जातं. सर्व्हर बंद पडून कारखाना थांबलाय अशा वेळी तो वापरावा, जुना डेटा शोधायला नको. रिस्टोअर ज्या स्टोरेजवर उतरणार तिथे जागा किती आहे ते आधी पाहा. थिन पूल (लागेल तशी जागा वाटून देणारं सामायिक स्टोरेज) काठोकाठ भरला तर त्यावरच्या सगळ्याच व्हीएमचं लिहिणं अडतं, एका जुन्या सर्व्हरसाठी १४ चालू सर्व्हर गोत्यात येतात.

सुरू करण्याआधी नेटवर्क तोडा. नेटवर्क कार्डाच्या सेटिंगमध्ये ‘डिस्कनेक्ट’ असतं ते करा, किंवा कुठल्याही भौतिक पोर्टला न जोडलेला एक रिकामा ब्रिज (व्हर्च्युअल स्विच) कायमचा बनवून ठेवा आणि त्यावर लावा. हे न केल्याचा परिणाम मी एका वितरकाकडे निस्तरला आहे. जुना बिलिंग सर्व्हर कुणीतरी ‘जरा बघायला’ उठवला. त्याच्या पोटात रोज सकाळी थकबाकीचे मेल पाठवणारा जॉब होता. त्याच्या दृष्टीने फेब्रुवारी चालू होता, त्यामुळे पैसे भरून मोकळ्या झालेल्या ग्राहकांना पुन्हा तगादे गेले. जुना सर्व्हर आज काय तारीख आहे याची फिकीर न करता आपलं काम जिथून सुटलं तिथून पुढे सुरू करतो. मेलच्या रांगा, बँकेकडे जाणाऱ्या फाइल, दुसऱ्या सर्व्हरशी होणारं सिंक, सगळं.

आणखी एक बारीक गोष्ट, जिच्याकडे फार कुणाचं लक्ष नसतं. ‘नोड सुरू होताच चालू व्हा’ (नोड म्हणजे प्रॉक्समॉक्सचं मूळ मशीन) ही सेटिंगही बॅकअपमधून परत येते. तुम्ही काम संपवून व्हीएम बंद केलात, पण काढून टाकला नाहीत, आणि पंधरा दिवसांनी वीज गेली तर नोडसोबत हा जुना सर्व्हरही उठतो. रिस्टोअर होताच ती खूण काढा.

विंडोज सर्व्हर उठला की आत जायला पासवर्ड लागतो, आणि तो एप्रिलमधला. नेटवर्क तोडलेलं असल्यामुळे डोमेनची (कंपनीच्या मध्यवर्ती लॉगिन-व्यवस्थेची) खाती त्या सर्व्हरवर साठलेल्या जुन्या लॉगिनच्या जोरावरच चालतील, तीही तेव्हाच्या पासवर्डने. म्हणून पासवर्डच्या वहीत किंवा व्हॉल्टमध्ये जुने पासवर्ड तारखेसह ठेवावे लागतात. नवा टाकला की जुना खोडायचा, ही सवय इथे नडते. डोमेनशी नातंही अशा सर्व्हरचं बहुधा तुटलेलं असतं, कारण डोमेनमधला प्रत्येक संगणक आपला स्वतःचा पासवर्ड साधारण दर ३० दिवसांनी आपोआप बदलतो आणि जुन्या प्रतीला नवा माहीत नसतो. फक्त डेटा काढायचा असेल तर ते नातं जोडायच्या भानगडीत पडूच नका. स्थानिक अ‍ॅडमिनिस्ट्रेटर खात्याने आत जा, डेटा एका वेगळ्या व्हर्च्युअल डिस्कवर कॉपी करा, ती डिस्क काढून चालू व्हीएमला जोडा. नेटवर्क न जोडता डेटा बाहेर येतो.

आता जागा का सुटत नाही ते.

प्रॉक्समॉक्स बॅकअप सर्व्हर व्हीएमची डिस्क ४ एमबीच्या तुकड्यांत कापतो. या तुकड्यांना चंक म्हणतात. तोच मजकूर असलेला चंक डेटास्टोअरवर एकदाच ठेवला जातो, मग तो ३० बॅकअपमध्ये असो की १४ सर्व्हरमध्ये. प्रत्येक बॅकअप म्हणजे ‘या या चंकांनी मी बनलो’ अशी एक यादी. तुम्ही बॅकअप उडवता किंवा प्रून चालतं, तेव्हा फक्त ही यादी जाते, चंक जागेवरच राहतात. ते काढण्याचं काम गार्बेज कलेक्शनचं. तो आधी उरलेल्या सगळ्या याद्या वाचून वापरातल्या प्रत्येक चंकावर वेळेचा शिक्का मारतो आणि मग ज्यांच्यावर गेल्या २४ तास ५ मिनिटांत शिक्का पडलेला नाही, तेवढेच चंक काढतो. २४ तासांची ही मुदत अशासाठी की फाइलसिस्टीम वाचनाची वेळ साधारण दिवसातून एकदाच नोंदवतात आणि याच वेळी चालू असलेल्या बॅकअपचे नवे चंक चुकून उडू नयेत. म्हणजे आज प्रून केलंत, लगेच गार्बेज कलेक्शन चालवलंत, तरी जागा आज सुटेल असं नाही. जॉबच्या नोंदीत ‘पेंडिंग रिमूव्हल’ असा आकडा दिसतो, तो उद्या सुटणारा. इथे उतावीळ होऊन चंकांच्या फोल्डरमधल्या फाइल हाताने पुसणारे लोक मी पाहिलेत. त्यातला कोणता चंक किती बॅकअपचा आहे हे तुम्हाला दिसत नाही. एक पुसलात तर सगळेच निकामी होऊ शकतात.

उद्याही फारशी जागा सुटली नाही तर? तेही साहजिक आहे. पाच दिवसांतले ३० बॅकअप जवळपास सारखेच असतात. त्यातले दहा काढले तरी त्यांचे चंक उरलेल्या वीसांत आहेतच. जागा खातं ते बदलत राहणारं. तुमच्या १४ मधले एक-दोन सर्व्हरच बहुतेक जागा खात असतील. मी पहिल्यांदा बघतो ती गोष्ट म्हणजे, एखाद्या सर्व्हरच्या आत रोज रात्री डेटाबेसचा डंप (पूर्ण प्रत) काढून तो झिप करून त्याच डिस्कवर ठेवला जातोय का. झिप केलेल्या फाइलमध्ये थोडासा बदल झाला तरी पुढचा सगळा मजकूर वेगळा होतो, त्यामुळे रोजचा अख्खा डंप नवे चंक म्हणून चढतो. डंप न झिपता ठेवा, दाबून साठवण्याचं काम बॅकअप सर्व्हर स्वतः करतो. किंवा डंपसाठी वेगळी व्हर्च्युअल डिस्क देऊन तिच्यावरची ‘बॅकअप’ ची खूण काढा आणि डंप दुसऱ्या मार्गाने जपा. विंडोजच्या पेजफाइललाही (मेमरी कमी पडली की वापरायच्या फाइललाही) हाच उपाय. दुसरं म्हणजे डिस्कार्ड. सर्व्हरच्या आत फाइल पुसली तरी खालच्या डिस्कला ते कळवलं नाही तर पुसलेला मजकूर बॅकअपमध्ये जातच राहतो. डिस्कवर डिस्कार्ड चालू करा, लिनक्समध्ये ट्रिम (हेच कळवण्याचं काम) आठवड्याला चालतोय ना पाहा.

९२ टक्के हा आकडा मात्र मला आवडलेला नाही. डेटास्टोअर पूर्ण भरलं तर गार्बेज कलेक्शनलाही काम करता येत नाही, कारण शिक्के मारायलाही थोडी जागा लागते, आणि झेडएफएस फाइलसिस्टीमवर तर हमखास. मी नव्या डेटास्टोअरवर पहिल्याच दिवशी थोडी जागा राखीव करून टाकतो, अडल्यावर सोडता येते. ८० टक्क्यांच्या पुढे गेलं की डिस्कची ऑर्डर द्यायची. ‘एस्टिमेटेड फुल’ ही तारीख पानावर दिसतेच.

आता तिसरा प्रश्न. तुमच्या चार तासांच्या बॅकअपला मी साधारण असं लावेन: कीप-लास्ट १२, कीप-डेली १४, कीप-वीकली ८, कीप-मंथली १२. हे पर्याय याच क्रमाने लागू होतात आणि आधीच्याने जो काळ झाकला तो पुढचा मोजत नाही. शेवटचे दोन दिवस दर चार तासांचे, त्यामागचे दोन आठवडे रोजचा एक, त्यामागे आठ आठवडे आठवड्याचा एक, त्यामागे वर्षभर महिन्याचा एक. मिळून ४६ बॅकअप आणि पोहोच सव्वा वर्षाच्या आसपास. तुमच्या ३० ची पोहोच पाच दिवस होती. जागा थोडी जास्त लागेल, कारण महिन्यामहिन्यांत बदल अधिक असतो. पण दीडपट लागेलच असं नाही, सर्व्हर किती हलता आहे त्यावर आहे. प्रॉक्समॉक्सच्या माहितीपत्रात प्रून सिम्युलेटर नावाचं पान आहे. त्यात आपलं वेळापत्रक घालून कोणते बॅकअप राहतील ते रंगात दिसतं. नियम लावण्याआधी दहा मिनिटं तिथे घालवाच.

तिथे एक गोष्ट तुम्हाला दिसेल, आणि हिशेबाच्या सर्व्हरसाठी ती फार महत्त्वाची आहे. कीप-मंथली १२ लावलं म्हणजे ३१ मार्चचा बॅकअप वर्षभर राहील, असं लोक समजतात. २०२६ घ्या. ३१ मार्चला मंगळवार आहे. रोजच्या खिडकीतून तो बॅकअप बाहेर पडला की आठवड्याचा प्रतिनिधी म्हणून रविवार, ५ एप्रिलचा राहतो. मार्चमधला २९ तारखेचा रविवार आधीच आठवड्याच्या खात्यात ठेवलेला असतो, त्यामुळे मार्च महिन्याची सोय झाली असं मानून ३१ चा बॅकअप निघून जातो. पुढे मार्चचा मासिक म्हणून तुमच्या हाती २९ तारखेचा राहतो. वेब सर्व्हरला याने काही फरक पडत नाही, अकाउंट्सला पडतो. म्हणून ३१ मार्चच्या रात्रीचा बॅकअप हाताने प्रोटेक्टेड करायचा, त्यावर टीप लिहायची आणि ऑडिट पूर्ण होऊन ताळेबंदावर सही झाली की आणखी एक. मार्चच्या नोंदी एप्रिल-मे काय, सप्टेंबरपर्यंत चालतात हे तुमच्या अकाउंटंटला माझ्यापेक्षा चांगलं माहीत आहे.

या मोजणीत एक दिलासा आहे. इथे वय मोजलं जात नाही, बॅकअप असलेले दिवस, आठवडे, महिने मोजले जातात. एखादा सर्व्हर बंद करून वर्ष झालं तरी त्याचे शेवटचे बॅकअप प्रूनमुळे आपोआप संपून जात नाहीत. धोका दुसरीकडून आहे. बॅकअपचे गट व्हीएम क्रमांकावर बनतात. बंद केलेल्या १०५ चा क्रमांक नव्या सर्व्हरला दिलात तर दोन्हींचे बॅकअप एकाच गटात पडतात, आणि नव्याचे बॅकअप जुन्याला हळूहळू ढकलून बाहेर काढतात. व्हीएमचे क्रमांक पुन्हा वापरू नका. आकड्यांचा तुटवडा नाही.

सगळ्या सर्व्हरना एकच नियम लावायचीही गरज नाही. एकाच डेटास्टोअरमध्ये वेगवेगळ्या नेमस्पेस (कप्पे) करून प्रत्येकीला स्वतःचा प्रून जॉब देता येतो आणि चंक तरीही सामायिकच राहतात. हिशेब आणि फाइल सर्व्हर एका नेमस्पेसमध्ये, लांब रिटेन्शनवर. बाकीचे दुसरीत, दोन महिने पुरेत. फक्त रिटेन्शन एकाच ठिकाणी लिहा. प्रॉक्समॉक्सच्या बॅकअप जॉबमध्येही ‘३०’ आणि बॅकअप सर्व्हरवरही वेगळा नियम असं असेल तर जो कडक तोच शेवटी लागू होतो, आणि तुम्ही नवीन नियम लावूनही मागचे बॅकअप गायब होत राहतात. मी जॉबमध्ये ‘सगळे ठेवा’ ठेवतो आणि छाटणी बॅकअप सर्व्हरवर. त्याच वेळी प्रॉक्समॉक्सच्या टोकनला फक्त ‘डेटास्टोअर-बॅकअप’ हक्क देतो. त्यात बॅकअप घेता येतो, रिस्टोअर करता येतो, प्रून करता येत नाही. उद्या कुणी प्रॉक्समॉक्समध्ये शिरलं तरी त्या टोकनने बॅकअप उडवता येणार नाहीत.

४६ बॅकअप म्हणजे ४६ प्रती नव्हेत, हेही इथेच सांगतो. सामायिक चंक डिस्कवर खराब झाला तर त्याच्यावर उभे असलेले सगळे बॅकअप एकदम खराब होतात. दुसरी प्रत दुसऱ्या मशीनवर, शक्यतो दुसऱ्या इमारतीत लागतेच. तुमचं जुनं मशीन धड असेल तर तेच वापरा. त्याने सिंक जॉबने इकडून ओढून घ्यावं, म्हणजे त्याचे हक्क इकडच्या कुणाकडे नसतील. ‘रिमूव्ह व्हॅनिश्ड’ ची खूण लावू नका, नाहीतर इकडे उडालेलं तिकडेही उडेल. तिकडचं रिटेन्शन वेगळं आणि लांब ठेवा.

“मग सरळ आठ वर्षं ठेवू का?” असं पुढे विचाराल, कारण कंपनी कायदा २०१३ च्या कलम १२८ प्रमाणे हिशेबाची पुस्तकं ८ आर्थिक वर्षं ठेवायची असतात, आणि जीएसटीच्या नोंदी वार्षिक विवरणपत्राच्या मुदतीपासून ७२ महिने. शिवाय ऑगस्ट २०२२ मधल्या नियमदुरुस्तीनुसार हिशेबाच्या पुस्तकांचा बॅकअप रोज आणि भारतातल्या सर्व्हरवर असावा लागतो. लॉगचं वेगळं: सर्ट-इन या सरकारी सायबरसुरक्षा संस्थेच्या एप्रिल २०२२ च्या निर्देशांप्रमाणे १८० दिवस. तुम्हाला नेमकं काय लागू आहे ते सीएंना विचारा, मी तांत्रिक बाजूपुरतं बोलतो. आठ वर्षं ठेवायचा तो हिशेब, व्हीएम नव्हे. वर्षअखेरीला कंपनीचा डेटा फोल्डर, वह्यांचे पीडीएफ आणि एक्सेल, डेटाबेस असेल तर साधा डंप, असं काढून स्वतंत्र ठेवा.

व्हीएम जितका जुना, तितका तो उठण्याची शक्यता कमी. सेंटओएस ७ या जुन्या लिनक्सचा कंटेनर (हलका व्हर्च्युअल सर्व्हर) घ्या. प्रॉक्समॉक्स ९ मध्ये जुनी सीग्रुप व्यवस्था (कंटेनरना मशीनची साधनं वाटून देणारी) काढून टाकली आहे, त्यामुळे असा कंटेनर रिस्टोअर बिनबोभाट होतो आणि चालत मात्र नाही. लेट्स एन्क्रिप्टचं प्रमाणपत्र ९० दिवसांचं, तेव्हा चार महिन्यांपूर्वीच्या वेब सर्व्हरचं नक्की संपलेलं असणार. आणि डोमेन कंट्रोलरचा (डोमेनची खाती सांभाळणाऱ्या सर्व्हरचा) बॅकअप १८० दिवसांपेक्षा जुना असेल तर तो चालू डोमेनमध्ये परत आणायचाच नाही, कारण पुसलेल्या वस्तूंची आठवण डोमेन तेवढेच दिवस ठेवतं, त्यापुढे जुना कंट्रोलर मेलेली खाती पुन्हा जिवंत करू लागतो. म्हणून डोमेन कंट्रोलरला लांब रिटेन्शन देण्यात अर्थ नाही. दोन कंट्रोलर ठेवा, एक गेला तर नवा उभारा.

रिस्टोअरला लागणारा वेळही एकदा मोजून ठेवा. १ गिगाबिटच्या नेटवर्कवर सेकंदाला फार तर ११० एमबी येतात, म्हणजे २ टीबीचा फाइल सर्व्हर उतरायला सगळं सुरळीत असलं तरी पाच तास. डेटास्टोअर साध्या हार्ड डिस्कवर असेल तर त्याहून जास्त, कारण जुन्या बॅकअपचे चंक डिस्कभर विखुरलेले असतात. मालकाने ‘तासाभरात होईल ना?’ विचारण्याआधी हा आकडा त्याच्या टेबलावर असावा. दर महिन्याला एक सर्व्हर निवडून, मुद्दाम जुना बॅकअप घेऊन, तोडलेल्या नेटवर्कवर उठवून पाहा. सर्व्हर सुरू झाला एवढ्यावर समाधान मानू नका, आतला डेटा अकाउंट्सच्या माणसाला बसवून उघडायला लावा.

आज संध्याकाळी इतकंच करा: जुन्या मशीनवर १८ एप्रिलचा बॅकअप प्रोटेक्ट, मग व्हेरिफाय, तोवर अकाउंट्सकडून एडिट लॉग. नव्या डेटास्टोअरवर कीप-लास्ट बदलून वरचे चार आकडे टाका, गार्बेज कलेक्शन रोज रात्रीला लावा, आणि परवा सकाळी टक्के किती खाली आले ते पाहा. ८५ च्या वरच राहिले तर कोणता सर्व्हर रोज किती नवे चंक चढवतो ते बॅकअपच्या नोंदीत ‘रीयूज्ड’ च्या टक्क्यावरून कळेल. ज्याचा टक्का सगळ्यात कमी, त्याच्या आत झिप केलेले डंप आहेत का ते शोधा.